बॉयलर मधूनच बंद पडायचा आणि बघायला कुणी आलं की व्यवस्थित चालायचा

आमच्या घरातला हीटिंगचा बॉयलर, म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते रेडिएटरमधून फिरवत घर उबदार ठेवणारं यंत्र, पहिल्यांदा बंद पडला तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले होते. घर गार पडायच्या आधीच मला जाग आली, कारण आवाज थांबला होता. बॉयलर चालू असला की त्याच्या फॅनची बारीक घरघर भिंतीतून येत असते, इतक्या वर्षांत ती कानात बसलेली, ती गेली आणि झोपच उडाली. खाली जाऊन बघितलं तर पॅनलवर लाल दिवा आणि एक कोड. मॅन्युअल काढलं, त्यात त्या कोडसमोर लिहिलेलं, ज्योत पेटली नाही. रिसेटचं बटण दाबलं, नाही पेटला, थोडं थांबून परत दाबलं, नाही. मग म्हटलं सकाळी बघू, मुलीच्या अंगावर अजून एक पांघरूण घातलं आणि पडून राहिले, झोप काही येईना म्हणून तासाभराने उठून परत बटण दाबलं तर लगेच चालू झाला, जसं काही घडलंच नव्हतं. हे तासाभराने पेटणं लक्षात ठेवा. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

पुढच्या दहा दिवसांत तीन वेळा असंच झालं. एकदा संध्याकाळी, दोनदा रात्री. मधले दिवस एकदम ठणठणीत. कायमची बंद पडलेली वस्तू एक वेळ बरी, माणूस येतो, बघतो, दुरुस्त करून जातो. अधूनमधून बिघडणाऱ्या वस्तूचं तसं नसतं, ती दाखवायला कुणाला बोलवावं तर नेमकी त्या वेळी चालत असते आणि आपण सांगतोय ते समोरच्याला खरं वाटतंय की नाही हेच कळत नाही. घरात तीन वर्षांची मुलगी, सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, नवऱ्याची रात्रपाळी, त्यामुळे रात्री हे बघायला मीच. खरं सांगते, त्या दिवसांत मी कान त्या बॉयलरकडे लावूनच झोपायचे.

आधी मी एवढंच केलं की बॉयलर नीट चालतो तेव्हा काय काय करतो ते समोर बसून ऐकून घेतलं. बिघाड ओळखायचा तर बरं असताना कसं असतं ते तर माहीत पाहिजे. खोलीचं तापमान बघणाऱ्या थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी पंप सुरू होतो, हात पाइपवर ठेवला तर कळतो. मग फॅन वेग घेतो, काही सेकंद नुसताच फॅन, आत न जळलेला गॅस राहिला असेल तर तो बाहेर जावा म्हणून. मग टकटकटकटक अशी ठिणगी, त्याच वेळी गॅस व्हॉल्व्ह उघडतो आणि भप्प करून ज्योत पेटते. पेटली हे बॉयलरला कळतं कसं, तर ज्योतीत एक इलेक्ट्रोड असतो आणि ज्योतीतून अगदी किंचित वीज वाहू शकते, मायक्रोअँपमध्ये मोजावी इतकी किंचित, तेवढी सर्किट बोर्डाला जाणवली की तो धरून चालतो ज्योत आहे. ती जाणवली नाही की काही सेकंदांत गॅस बंद. परत फॅन, परत ठिणगी. आमच्या मॉडेलमध्ये असे पाच प्रयत्न होतात आणि पाचही फुकट गेले की लॉकआउट, म्हणजे तो लाल दिवा, मग माणसाने बटण दाबल्याशिवाय तो हलत नाही. आणि ते बरोबरच आहे, उगाच गॅस सोडत बसण्यापेक्षा बंद राहिलेला बरा. रिसेट पण सारखं सारखं दाबायचं नसतं, एक-दोनदा दाबून नाही पेटला तर थांबायचं. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता, त्याचं टेस्टचं बटण दाबून तो चालतोय ना ते पहिल्याच दिवशी बघून घेतलं. बॉयलरचं कव्हर मात्र मी एकदाही उघडलं नाही. त्या कव्हरच्या सीलवर धूर आत राहतो की घरात येतो हे अवलंबून असतं, ते काम परवाना असलेल्या माणसाचंच.

पहिले टेक्निशियन आले त्या दिवशी बॉयलर अर्थातच व्यवस्थित चालू. त्यांनी गॅसचं प्रेशर मोजलं, ठीक. सिस्टिममधल्या पाण्याचं प्रेशर गार असताना 1.3 बार, गरम झाल्यावर 1.7, तेही ठीक. कोड 'ज्योत पेटली नाही' असा येतोय म्हटल्यावर त्यांनी इलेक्ट्रोड काढून बघितला, त्यावर पांढुरका थर होता, म्हणाले यानेच ज्योत जाणवत नसणार, नवीन बसवला. मला पटलं. त्यानंतर तब्बल तीन आठवडे बॉयलर एकदाही बंद पडला नाही आणि तेही कडाक्याच्या थंडीचे तीन आठवडे. मी सगळ्यांना सांगून मोकळी झाले की इलेक्ट्रोड होता, सुटला प्रश्न.

थंडी जरा उतरली आणि दोन दिवसांनी रात्री पावणेदोनला परत लाल दिवा. त्या रात्री मला फार निराश वाटलं. पायरीवर बसून राहिले बराच वेळ.

दुसऱ्यांदा ते आले तेव्हा परत सगळं नॉर्मल. वायरिंगचे कनेक्टर हलवून बघितले, अर्थिंग तपासलं, आणि म्हणाले आता राहिला तो सर्किट बोर्ड, बोर्डावरचा सोल्डरिंगचा एखादा सांधा गरम झाल्यावर सुटत असेल, बदलून बघू. तसं होऊ शकतं, मी नाकारत नाही, सोल्डरिंगचा सांधा तडकलेला असला की तापला की सुटतो आणि गार झाला की परत टेकतो, असे बिघाड खरोखर असतात. पण 'बदलून बघू' हे माझ्या मनाला पटेना. इलेक्ट्रोडच्या वेळी आपण बदलून बघितलंच होतं ना, आणि तीन आठवडे ते बरोबर पण वाटलं होतं. मी म्हटलं मला पंधरा दिवस द्या.

आणि एक वही केली.

वहीत फक्त बंद पडला तेव्हाच्या नोंदी करायच्या नाहीत हे मी ठरवून केलं, कारण नुसत्या बिघाडाच्या वेळा लिहिल्या तर त्यावरून काहीही सिद्ध करता येतं. चालू असतानाच्या पण नोंदी हव्यात. म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना असं दिवसातून चार वेळा लिहायचं, बाहेरचं तापमान, वारा आहे का, प्रेशर किती, किती वेळापासून सलग जळतोय, रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान पॅनलवर किती दिसतं आणि परत येणाऱ्याचं किती. हे शेवटचे दोन आकडे आमच्या बॉयलरच्या मेनूत आत कुठेतरी दिसतात, मॅन्युअल चाळताना सापडले. त्याच मेनूत जुन्या कोडची यादी पण असते. ती मला मिळाली तो दिवस माझ्या दृष्टीने मोठा.

कारण काय, तर दर्शनी पॅनलवर दिसतो तो शेवटचा कोड. ज्योत पेटली नाही, लॉकआउट. पण यादीत त्याच्या आधीची नोंद वेगळी होती, 'ज्योत मधेच गेली'. प्रत्येक वेळी. आधी व्यवस्थित पेटलेला असायचा, जळत असताना ज्योत जायची, मग तो परत पेटवायचे पाच प्रयत्न करायचा, ते फसायचे आणि पॅनलवर उरायचा तो फसल्याचा कोड. आम्ही इतके दिवस 'पेटत का नाही' हे शोधत होतो आणि शोधायला हवं होतं ते 'विझतो का'. हे दोन्ही प्रश्न दिसायला सारखे पण त्यांची कारणं पुष्कळदा वेगळी.

सुरुवातीला माझा संशय वाऱ्यावर होता. धूर बाहेर सोडणारा फ्लू भिंतीतून निघतो आणि त्या बाजूने वारा जोरात आला की तो धूर परत आत ढकलला जाऊन ज्योत विझू शकते, हे ऐकलेलं होतं. वहीत पहिले दोन बिघाड वाऱ्याच्याच रात्री झाले, मला वाटलं सापडलं. तिसरा झाला त्या रात्री बाहेर पान हलत नव्हतं. आणि मधे एक रात्र भयंकर वाऱ्याची गेली तेव्हा बॉयलर निवांत चालला, ही नोंद नसती तर मी वारा धरूनच बसले असते.

मग हळूहळू तीन गोष्टी दिसायला लागल्या. एक तर पेटल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात तो कधीच बंद पडला नाही, नेहमी सलग चाळीस-पन्नास मिनिटं जळल्यावर. दुसरं, बंद पडल्या पडल्या रिसेट केला तर पेटायचा नाही, अर्धा-पाऊण तास गेला की हमखास पेटायचा. आणि तिसरी गोष्ट मला वहीत उशिरा दिसली कारण ती रोज सारखीच होती म्हणून मी तिच्याकडे बघतच नव्हते. जाणाऱ्या पाण्याचं तापमान 55. सगळे बिघाड 55 वर. गॅस कमी लागावा म्हणून त्या मोसमाच्या सुरुवातीलाच आम्ही ते 70 वरून 55 वर आणलं होतं. आणि ते मधले तीन चांगले आठवडे? थंडी कडक म्हणून 75 वर नेलं होतं, थंडी उतरल्यावर मीच परत 55 केलं. इलेक्ट्रोड बदलला आणि तापमान वाढवलं, दोन्ही एकाच आठवड्यात, आणि श्रेय सगळं इलेक्ट्रोडला गेलं.

एवढं कळलं पण का ते कळेना. कमी तापमानाला बॉयलरला त्रास का व्हावा? उलट त्याच्यावर ताण कमी.

ते सांगितलं सासूबाईंनी. बॉयलर ज्या खोलीत आहे तिथेच त्या दुपारी बसतात. मी वही घेऊन काहीतरी लिहीत होते तर म्हणाल्या, "अगं, हा मघाशी परत गुडगुडी ओढल्यासारखा आवाज करत होता."

मी म्हटलं, "आई, परत म्हणजे? तुम्ही आधी पण ऐकलाय?"

"रोज दुपारी करतो की. मला वाटलं असाच असतो तो."

गुडगुडी. मी तशीच उभी राहिले. गुडगुडीत काय होतं, धूर पाण्यातून ओढला जातो आणि बुडबुडे येतात. म्हणजे बॉयलरच्या आत जिथून धूर जातो तिथे पाणी होतं. आणि हा रेडिएटरमधल्या हवेचा खळखळाट नाही, तो मला माहीत आहे, तो भिंतीभर फिरतो, हा एका जागचा, खोल आणि ठेक्यात.

आता हे पाणी येतं कुठून ते सांगते, कारण सगळं त्यात आहे. गॅस जळला की पाणी तयार होतं, अगदी शब्दशः. 1 किलो मिथेन पूर्ण जळला की 2.25 किलो पाणी होतं, वाफेच्या रूपात. जुन्या बॉयलरमध्ये ही वाफ धुराबरोबर निघून जायची. आताचे कंडेन्सिंग बॉयलर काय करतात, रेडिएटरमधून परत येणाऱ्या गार पाण्याने तो धूर इतका थंड करतात की वाफेचं पाणी होतं आणि त्या वेळी सुटणारी उष्णता पण घराला मिळते, म्हणून ते कमी गॅस खातात. पण हे व्हायला परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली पाहिजे. बॉयलर 75 वर ठेवला तर परत येणारं पाणी साठच्या वर, वाफ तशीच बाहेर, पाणी जेमतेम. 55 वर ठेवला तर आमच्याकडे परत येणारं 43-44, म्हणजे पाणीच पाणी. ते आम्लधर्मी असतं, धातूचे पाइप खातं, म्हणून त्याला वेगळा प्लास्टिकचा पाइप असतो, आधी बॉयलरच्या तळाशी एक ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी धरून ठेवून धूर अडवणारा भाग, आणि तिथून उतारावर बाहेरच्या मोरीत.

म्हणजे आमचा बॉयलर जितका चांगला चालायचा तितकं जास्त पाणी करायचा आणि ते पाणी कुठेतरी अडत होतं. चाळीस मिनिटांत तुंबून वर यायचं, धुराची वाट अडवायचं, फॅनला हवा ढकलता यायची नाही, ज्योत विझायची. मग परत पेटणार कशी, वाट तर बंदच. आणि बॉयलर थांबला की नवीन पाणी तयार होणं थांबायचं, साठलेलं हळूहळू झिरपून जायचं, तासाभरात वाट मोकळी. टेक्निशियन येईपर्यंत तर पुरावा वाहून गेलेला असायचा. पहिल्या रात्रीचं ते तासाभराने पेटणं हेच.

कव्हर न उघडता तपासता येईल असं एक होतं, तो पाइप. बॉयलरच्या खालून निघून कपाटाच्या मागून जातो. कपाट पुढे ओढलं, टॉर्च लावली तर मधली क्लिप तुटून पाइप तिथे पोटासारखा खाली लोंबत होता, त्यानंतर परत वर चढून बाहेर. अशा पाइपला दर मीटरला चार-पाच सेंटीमीटर सरळ उतार लागतो, इथे तर मधे खोलगट डबकं. खालून बोटाने टिचकी मारली की लोंबलेल्या भागाचा आवाज भरीव आणि बाकीच्याचा पोकळ.

तरी मला पक्कं करायचं होतं, इलेक्ट्रोडच्या वेळसारखं नको. बाहेर मोरीवर जिथे पाइपचं तोंड उघडं आहे तिथे एक मापाचं भांडं ठेवलं, बॉयलर 55 वर सलग चालू केला आणि मफलर गुंडाळून तिथेच उभी राहिले. पंचवीस मिनिटं जवळपास काही नाही, चार-दोन थेंब. नवरा आतून दारात उभा, म्हणाला गुडगुड सुरू झाली. आणि एकदम पाइपच्या तोंडातून भळाभळा पाणी आलं, करडं, गढूळ, 200 मिलीच्या वर, आणि परत ठणठणाट. कधी आतल्या फॅनच्या दाबाने ते डबकं असं पुढे ढकललं जायचं आणि बॉयलर वाचायचा, कधी नाही ढकललं जायचं आणि विझायचा. म्हणून तो कधी बंद पडायचा आणि कधी नाही. ते भांडं हातात धरून मला इतका आनंद झाला की काय सांगू.

या वेळी दुसरे टेक्निशियन मिळाले. त्यांच्यासमोर वही ठेवली, ते उभ्याउभ्याच पाच मिनिटं वाचत राहिले, मग काही न बोलता ट्रॅप काढला. आत काळपट करड्या गाळाचा थर, मऊ, बोटाला तेलकट नाही पण चिकट, पाणी जायला जेमतेम पेन्सिलीएवढी जागा. हीट एक्स्चेंजर म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला मिळते तो भाग, त्याच्या तळाशी त्यांनी टॉर्च मारून दाखवली, आतल्या बाजूने चहूकडे एक रेघ, पाणी चढून उतरल्याची, भिंतीवर पुराची खूण राहते ना तशी. मी बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते. महिनाभर जे रात्री होऊन सकाळी नाहीसं व्हायचं ते शेवटी डोळ्यांनी दिसलं. पहिल्या टेक्निशियनना मी दोष देणार नाही, त्यांच्यासमोर चालू बॉयलर आणि पॅनलवरचा कोड एवढंच होतं. फक्त वार्षिक सर्व्हिसिंगमध्ये हा ट्रॅप आधी कधी निघाला होता का, तर गाळ बघून वाटतं नाही.

ट्रॅप धुतला, हीट एक्स्चेंजरचा तळ साफ केला, लोंबलेला तुकडा कापून नवीन पाइप टाकला, जवळजवळ क्लिपा मारल्या, बाहेरच्या भागाला थंडीत गोठू नये म्हणून इन्सुलेशन गुंडाळलं. ट्रॅप परत बसवायच्या आधी त्यांनी त्यात पाणी भरलं, हे मला माहीत नव्हतं, कोरडा बसवला तर त्या वाटेने धूर घरात येऊ शकतो. पाणी आतपर्यंत चढलेलं असल्यामुळे सील पण बघितले, एक बदलला, आणि शेवटी ॲनालायझर लावून धूर मोजला, ते आकडे वहीत लिहून दिले स्वतःच्या हाताने.

ते गेल्यावर मी परत भांडं घेऊन बाहेर. 55 वर, सलग दोन तास. पहिल्या दहा मिनिटांतच धार सुरू झाली, बारीक, दोऱ्यासारखी, तुटली नाही. तासाला 700 मिलीच्या आसपास भरलं, पाणी स्वच्छ. आत सासूबाईंना विचारलं काही आवाज? म्हणाल्या, "नाही गं, आज गप्प आहे."

बोर्ड तोच जुना आहे. वही अजून बॉयलरशेजारी खिळ्याला टांगलेली आहे, पण आता आठवड्यातून एकदाच लिहिते, दोन्ही तापमानं, प्रेशर, आणि मोरीवर धार आहे की नाही.